तंत्रज्ञान बरोबर ओळखलं, भाव नाही: थ्रीजीच्या मानक-स्पर्धेत पैसे घातलेल्या एका गटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

दर महिन्याला ठरावीक रक्कम एकत्र करून शेअर घेणारा आमचा सात जणांचा गट होता. पूर्णवेळ गुंतवणूकदार कोणीच नव्हतं. एक जण मोबाइल नेटवर्कमध्ये रेडिओ-अभियंता, एक जण हिशेबतपासनीस, बाकीचे आपापल्या नोकऱ्या सांभाळून येणारे. बैठकांचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं आणि त्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. हे प्रकरण त्यांच्यावरूनच लिहिलं आहे. माणसांची ओळख पुसली आहे, निर्णय आणि त्यांचा क्रम जसाच्या तसा ठेवला आहे.

१९९९ संपताना मोबाइलच्या जगात नेटवर्क-तंत्राची दोन मोठी घराणी होती. एक जीएसएमचं, युरोपात जन्मलेलं आणि जगभर पसरलेलं. दुसरं सीडीएमएचं, क्वालकॉम या अमेरिकी कंपनीने उभं केलेलं आणि अमेरिका, दक्षिण कोरिया, जपान इथल्या काही कंपन्यांनी उचललेलं. तिसऱ्या पिढीत, म्हणजे थ्रीजीत तरी सगळ्या जगाचं एकच मानक व्हावं म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ‘आयएमटी-२०००’ची आखणी केली होती. प्रत्यक्षात २००० साली मान्यता मिळाली ती पाच रेडिओ पद्धतींना. त्यांतल्या तीनच पैशाच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठरल्या. जीएसएम घराण्याची डब्ल्यू-सीडीएमए, जिला युरोपात यूएमटीएस म्हणत. क्वालकॉमच्या घराण्याची सीडीएमए२०००. आणि चीनने पुढे केलेली टीडी-एससीडीएमए.

पहिल्या दोन्हींचा गाभा एकच. एकाच पट्ट्यात सगळ्यांना एकाच वेळी बोलू द्यायचं आणि प्रत्येकाचा आवाज त्याच्या वेगळ्या सांकेतिक खुणेवरून वेचून काढायचा. फरक होता तो मांडणीत, आणि गुंतवणूकदाराच्या दृष्टीने सगळी गोष्ट त्या मांडणीतच होती. सीडीएमए२०००चा एक चॅनल १.२५ मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे जुन्या सीडीएमएएवढाच. त्यामुळे ज्यांच्याकडे आधीपासून सीडीएमए होतं त्यांना त्याच स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे लहरींच्या पट्ट्यात, त्याच टॉवरवर, बेस स्टेशनमधली कार्डं आणि सॉफ्टवेअर बदलून पुढची पायरी गाठता येत होती. जुने हँडसेटही चालू राहत. डब्ल्यू-सीडीएमएचा चॅनल ५ मेगाहर्ट्‌झचा. त्याला बहुतेक देशांत २ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा नवा पट्टा विकत घ्यावा लागणार होता. त्या पट्ट्यात लहरी जीएसएमच्या ९०० मेगाहर्ट्‌झइतक्या लांब पोचत नाहीत, म्हणजे टॉवरही जास्त लागणार. ‘जीएसएमवाल्यांना थ्रीजीची वाट सरळ आहे’ असं तेव्हा सगळीकडे लिहून यायचं. कोअर नेटवर्कपुरतं, म्हणजे टॉवरमागच्या मध्यवर्ती यंत्रणेपुरतं ते खरं होतं. रेडिओचा भाग म्हणजे मात्र नवं घर बांधणंच होतं.

एक गोष्ट आणखी, आणि आमच्या निर्णयात तीच सगळ्यात जड ठरली. मार्च १९९९ मध्ये नेटवर्क-उपकरणं बनवणारी एरिक्सन आणि क्वालकॉम यांनी पेटंटचा जुना वाद मिटवला. एकमेकांना परवाने दिले आणि क्वालकॉमचा नेटवर्क-उपकरणांचा धंदा एरिक्सनने घेतला. त्याच वर्षाच्या शेवटी क्वालकॉमने हँडसेटचा धंदाही जपानच्या क्योसेराला द्यायचं जाहीर केलं. क्वालकॉमकडे उरलं ते चिप आणि पेटंट. कंपनीची भूमिका स्पष्ट होती: डब्ल्यू-सीडीएमएसुद्धा आमच्या पेटंटशिवाय बनत नाही, रॉयल्टी दोन्हींवर सारखीच.

प्रश्न

१९९९ या एका वर्षात क्वालकॉमचा शेअर सुमारे २,६०० टक्क्यांनी वाढला. डिसेंबरच्या अखेरीस एका विश्लेषकाने शेअरच्या विभाजनाआधीच्या हिशेबाने १,००० डॉलरचं लक्ष्य जाहीर केलं आणि त्या दिवशी भाव अक्षरशः उडाला. लगेच एका शेअरचे चार असं विभाजन झालं आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला विभाजित शेअर २०० डॉलरपर्यंत जाऊन आला.

फेब्रुवारी २००० मध्ये आमची बैठक झाली तेव्हा भाव थोडा खाली आला होता आणि ‘स्वस्तात मिळतोय’ असं वाटायला लागलं होतं. बैठकीपुढचा प्रश्न मी वहीत असा लिहिला आहे: ‘थ्रीजीत कोणतं मानक जिंकणार, आणि त्यानुसार आपण काय घ्यायचं?’

हा प्रश्नच चुकीचा होता. एका वाक्यात दोन प्रश्न कोंबले होते आणि पहिल्याचं उत्तर सापडलं की दुसऱ्याचं आपोआप मिळतं असं आम्ही सगळ्यांनीच गृहीत धरलं.

तोललेले पर्याय

अभियंत्याने तासभर फळ्यावर आकृत्या काढल्या. त्याचं म्हणणं असं: बहुतेक जग जीएसएमवर आहे, म्हणून संख्येत डब्ल्यू-सीडीएमए जिंकेल. पण वेळेत सीडीएमए२००० पुढे असेल, कारण त्यांना फक्त पायरी चढायची आहे. आणि दोन्हीकडे कोण जिंकलं तरी क्वालकॉमला पैसे मिळणारच. “दोन्ही संघांवर पैज लावायची गरज नाही. मैदानाचं भाडं घेणाऱ्यावर लाव,” असं तो म्हणाला. त्याचं एकूण एक भाकीत पुढे खरं ठरलं, हे मी आत्ताच सांगून ठेवते. हे प्रकरण लिहिण्यासारखं वाटलं ते त्यामुळेच.

दुसरा पर्याय मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्यांचा. युरोपात ग्राहक झपाट्याने वाढत होते आणि थ्रीजीचे परवाने अजून वाटायचे होते. फिनलंडने १९९९ मध्ये ते लिलावाशिवाय, जवळजवळ फुकट देऊन टाकले होते. बाकीचे देशही फार काही मागणार नाहीत असा आमचा समज झाला.

उपकरणं बनवणाऱ्यांचा पर्याय आम्ही फारसा चर्चिला नाही. आमच्यातल्या दोघांकडे तसे शेअर आधीच होते आणि एकाच टोपलीत किती ठेवायचं, यावर तो विषय संपला. थांबून राहायचा पर्याय हिशेबतपासनीस मैत्रिणीने मांडला. लिलाव होऊ द्या, मग पाहू, असं तिचं म्हणणं. तिला अनुमोदन मिळालं नाही. वर्षभर भाव चढताना पाहिलेल्या माणसांना ‘थांबा’ हा शब्द सोसत नाही.

काय केलं

पहिला निर्णय, फेब्रुवारी २०००. गटाच्या एकूण पैशाचा पाचवा भाग क्वालकॉममध्ये आणि दहावा भाग एका मोठ्या युरोपीय सेवा कंपनीत.

त्यानंतर ब्रिटनमध्ये थ्रीजी परवान्यांचा लिलाव सुरू झाला. पाच परवाने, दीडशे फेऱ्या, आणि २७ एप्रिल २००० ला तो थांबला तेव्हा एकूण बोली २२.५ अब्ज पौंडांवर पोचली होती. बोली लावणारे हटेनात, कारण ज्याला परवाना मिळणार नाही तो पुढच्या पिढीतून बाहेर, अशी भीती प्रत्येकाच्या मनात होती. सरकारला कर्जं फेडायला पैसा मिळाला. कंपन्यांच्या ताळेबंदात एका रात्रीत डोंगर उभा राहिला, आणि हातात होता तो नुसता हक्क. टॉवर एकही नाही, ग्राहक एकही नाही, हँडसेट तर बाजारातच नाही.

जर्मनीत ऑगस्टमध्ये याहून मोठं घडलं. १७३ फेऱ्यांनंतर सहा परवाने गेले आणि एकूण रक्कम ५० अब्ज युरोच्या वर गेली. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ८.४ अब्ज.

दुसरा निर्णय या लिलावानंतरच्या बैठकीतला. ती बैठक मला तपशिलाने आठवते. हिशेबतपासनीस मैत्रीण एक कागद घेऊन आली होती. त्यावर पेन्सिलने चार ओळी होत्या. परवाना ८.४ अब्ज युरो. कर्जाचा दर ७ टक्के धरला तर वर्षाचं व्याज ५९ कोटी युरो. एखाद्या कंपनीने एक कोटी ग्राहक थ्रीजीवर आणले, तर प्रत्येकामागे वर्षाला ५९ युरो, म्हणजे महिन्याला जवळजवळ पाच युरो नुसतं व्याज. आणि नव्याने येणाऱ्या, पन्नास लाखांवर अडकलेल्या कंपनीला महिन्याला दहा युरो. यात मुद्दल नाही, नेटवर्क बांधायचा खर्च नाही, हँडसेटवर द्यायची सवलत नाही.

“आणि ग्राहक आत्ता महिन्याला जेवढं देतोय, त्याच्यावर हे वेगळे देईल? कशासाठी?” तिने विचारलं.

कोणाकडेच उत्तर नव्हतं. अभियंत्याने व्हिडिओ कॉलचं नाव घेतलं. तिने विचारलं, “तू करशील?” तो प्रामाणिक माणूस. म्हणाला, “रोज नाही.”

त्याच बैठकीत आम्ही सेवा कंपनीचे सगळे शेअर विकायचं ठरवलं. मार्चनंतर बाजार पडला होताच, त्यामुळे तिसऱ्या भागाहून जास्त तोटा झाला. तरीही हा गटाचा सगळ्यात चांगला निर्णय होता, कारण पुढच्या दोन वर्षांत त्या शेअरमधलं उरलंसुरलंही बहुतेक गेलं असतं.

तिसरा निर्णयही त्याच बैठकीतला. त्या उन्हाळ्यात क्वालकॉमला दोन धक्के बसले होते. दक्षिण कोरियाने हँडसेटवरच्या सवलतींवर बंदी आणली. सीडीएमएचा तो सगळ्यात मोठा बाजार, तिथली विक्री एकदम बसली. चीनमध्ये चायना युनिकॉमशी फेब्रुवारीत करार झाला होता, पण तेव्हाच्या सीडीएमएचं जाळं आत्ता उभारायचं नाही असं कंपनीकडून बाहेर आलं. भाव आमच्या खरेदीच्या निम्म्यावर आला.

इथे आम्ही आणखी थोडे शेअर घेतले, सरासरी खाली आणायला. कारण तेच होतं: दोन्ही मानकांवर रॉयल्टी मिळणारच, बातम्या तात्पुरत्या आहेत.

त्या दिवसाचं इतिवृत्त दोन समोरासमोरच्या पानांवर आहे. डाव्या पानावर सेवा कंपनीचा हिशेब, पेन्सिलच्या चारही ओळी मी उतरवून घेतल्या आहेत. उजव्या पानावर क्वालकॉमविषयी एकच ओळ आहे: ‘तंत्रज्ञानाची बाजू भक्कम, खरेदी वाढवावी, एकमताने मंजूर.’ त्या पानावर एकही आकडा नाही. ज्या कंपनीवर आमचा विश्वास उडत चालला होता तिला आकडे विचारले. जिच्यावर विश्वास होता तिला विचारले नाहीत. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, आणि लिहिणारी मीच होते.

पुढे काय झालं

तंत्रज्ञानाच्या आघाडीवर अभियंत्याचे अंदाज एकेक करून खरे ठरत गेले. दक्षिण कोरियात एसके टेलिकॉमने ऑक्टोबर २००० मध्येच सीडीएमए२०००ची पहिली पायरी सुरू केली आणि जानेवारी २००२ मध्ये तिची वेगवान आवृत्ती आणली. जपानमध्ये दोन्ही मानकांचा समोरासमोर सामना पाहायला मिळाला. एनटीटी डोकोमोने डब्ल्यू-सीडीएमएवरची ‘फोमा’ सेवा मे २००१ मध्ये आणायची म्हटली, ती पुढे ढकलत १ ऑक्टोबरला सुरू केली. डोकोमोचं जुनं नेटवर्क पीडीसी या वेगळ्याच पद्धतीचं होतं आणि सुरुवातीचे फोमा हँडसेट त्यावर चालत नसत. म्हणजे नव्या सेवेचा टॉवर जिथे नाही तिथे महागडा फोन मुका. बॅटरीही लवकर उतरायची. उलट केडीडीआयने एप्रिल २००२ मध्ये सीडीएमए२००० आणलं. तिथे नवा टॉवर नसेल तर फोन निमूट जुन्या नेटवर्कवर जायचा, ग्राहकाला कळायचंही नाही. वर्षभरात केडीडीआयचे ग्राहक दशलक्षांत मोजले जाऊ लागले, फोमा लाखांतच रेंगाळली.

वेग, चिप रेट (सांकेतिक खुणांची गती), दोन कंपन्यांची वैज्ञानिक भांडणं यांवर तेव्हा रकानेच्या रकाने लिहिले जात होते. जपानमधला निकाल लागला तो एका साध्या गोष्टीवर: नवी सेवा नसलेल्या जागी जुना आधार आहे की नाही. गुंतवणूकदाराने मानक तपासताना सगळ्यात आधी हे पाहावं असं माझं मत झालं आहे.

युरोपात मात्र वाताहत झाली. फ्रान्सने प्रत्येक परवान्याला जवळपास पाच अब्ज युरो मागितले, तर दोनच अर्जदार आले. शेवटी रक्कम ६१.९ कोटी युरो अधिक उत्पन्नातला हिस्सा, इथपर्यंत उतरवावी लागली. जर्मनीतल्या सहापैकी दोन परवानाधारकांनी नेटवर्क कधी सुरूच केलं नाही. टेलिफोनिका आणि सोनेरा यांच्या भागीदारीने २००२ मध्ये गाशा गुंडाळला आणि मोबिलकॉमने २००३ मध्ये परवाना परत केला. एकेकी ८.४ अब्ज, शून्य फोन कॉल. सोनेराच्या मायदेशात, फिनलंडमध्ये परवाना जवळजवळ फुकट मिळाला होता, ही गोष्ट मला आजही चटका लावते. ब्रिटिश टेलिकॉमला मे २००१ मध्ये जुन्या भागधारकांना ५.९ अब्ज पौंडांचे नवे शेअर (हक्कभाग) विक्रीस काढावे लागले आणि त्याच वर्षी मोबाइलचा धंदा वेगळा करावा लागला. डॉइच टेलिकॉमने २००२ मध्ये २४.६ अब्ज युरोचा तोटा दाखवला. त्यामागे इतर खरेद्याही होत्या, सगळं खापर थ्रीजीवर फोडता येणार नाही. पण लिलावाची कर्जं मानेवर नसती तर त्या खरेद्या कदाचित पचल्या असत्या.

स्वतःचं मानक पसरावं म्हणून डोकोमोनेही अमेरिकेतली एटी अँड टी वायरलेस, नेदरलँड्समधली केपीएन मोबाइल, ब्रिटनमधली हचिसन थ्रीजी यांत भाग घेतले आणि पुढे त्यांतली मोठी रक्कम बुडीत दाखवली. मानकाच्या विजयासाठी पैसे मोजणं आणि विजयातून पैसे मिळणं यांतलं अंतर त्या एका उदाहरणात पुरेपूर दिसतं.

आता आमचं. क्वालकॉमचा धंदा बुडाला नाही. दोन्ही मानकांवर रॉयल्टी येऊ लागली, नोकियाशी २००१ मध्ये करार वाढवला गेला, चायना युनिकॉमने अखेर जानेवारी २००२ मध्ये सीडीएमए सेवा सुरू केली. आणि तरी २००२ च्या उन्हाळ्यात भाव ३० डॉलरच्या खाली गेला.

चौथा निर्णय तेव्हाचा, आणि तो आम्ही घेतला असं म्हणवत नाही, तो आमच्यावर आला. आमच्यातल्या एका सदस्याची नोकरी गेली, घरात आजारपण निघालं आणि त्याला आपला हिस्सा रोख हवा होता. गटाकडे रोख नव्हती. विकण्याजोगं जे होतं ते सगळंच पडलेलं. शेवटी क्वालकॉमचे निम्मे शेअर विकले, आमच्या सरासरी खरेदीच्या साधारण चौथ्या हिश्शात. अभियंता त्या बैठकीत फार वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मी जे सांगितलं ते सगळं खरं ठरलं. मग आपण हे काय करतोय?”

उरलेले निम्मे आम्ही धरून ठेवले. २००३ मध्ये लाभांश सुरू झाला, २००४ मध्ये एकास दोन विभाजन झालं, भाव सावरत गेला. २००५ मध्ये सगळ्यांची पांगापांग झाली आणि गट बंद केला. तेव्हाही उरलेल्या शेअरांवर घातलेले पैसे पूर्ण वसूल झाले नव्हते.

मानकांची गोष्ट त्यानंतरही चालू राहिली. डब्ल्यू-सीडीएमए संख्येत पुढे गेलं, ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी सीडीएमएचं नेटवर्क बंद करून त्याला जागा दिली गेली. चीनने ७ जानेवारी २००९ ला तिन्ही मानकांचे परवाने तीन कंपन्यांना वाटून दिले, स्वदेशी टीडी-एससीडीएमए सगळ्यात मोठ्या चायना मोबाइलच्या गळ्यात. चौथ्या पिढीसाठी अमेरिकेतली व्हेरायझनसारखी मोठी सीडीएमए कंपनीही २००७ मध्ये एलटीई या जीएसएम घराण्याच्या मानकाकडे वळली आणि नोव्हेंबर २००८ मध्ये क्वालकॉमने आपल्या पुढच्या मानकाचं काम थांबवलं. म्हणजे मानकाच्या लढाईत क्वालकॉम हरली. पेटंटच्या कमाईत नाही. आणि जानेवारी २००० च्या शिखरावर ज्याने शेअर घेतला, त्याला तो भाव पुन्हा दिसायला सुमारे दोन दशकं वाट पाहावी लागली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, ते उजवं पान भरता आलं असतं. गट बंद झाल्यावर मी एकदा बसून तो हिशेब केला, मुद्दाम तेव्हा हाताशी असलेल्या आकड्यांवर. २००० साली जगात ४० कोटींच्या आसपास हँडसेट विकले गेले. समजा त्यातला प्रत्येक फोन, जीएसएमचासुद्धा, सीडीएमएच्या पेटंटवर बनला असता. घाऊक किंमत सरसकट २०० डॉलर धरू, आणि रॉयल्टी ५ टक्के, जी त्या काळी साधारण धरली जायची. फोनमागे १० डॉलर, वर्षाला ४ अब्ज डॉलर. हे क्वालकॉमचं स्वप्नातलं जग: स्पर्धा संपली, पृथ्वीवरचा प्रत्येक फोन भाडं भरतोय.

आणि जानेवारी २००० मध्ये बाजार या कंपनीची किंमत १०० अब्ज डॉलरच्या वर लावत होता. सप्टेंबर १९९९ ला संपलेल्या वर्षातली तिची विक्री ४ अब्जांच्या आत होती, आणि त्यातही मोठा वाटा त्या हँडसेट आणि उपकरणांचा, जे धंदे कंपनी विकून मोकळी होत होती. म्हणजे स्वप्न पूर्ण झालं असतं तरी, करापूर्वीच्या आणि खर्चापूर्वीच्या वार्षिक रॉयल्टीच्या पंचवीसपट किंमत आम्ही देत होतो. प्रत्यक्षात त्या वर्षी सीडीएमएचा वाटा जगातल्या फोनांत अल्पसा होता.

या हिशेबाला दोन रास्त हरकती आहेत. एक, क्वालकॉम चिपही विकते, ते उत्पन्न यात धरलेलं नाही. दुसरी, बाजार ४० कोटींवर थांबला नाही. स्मार्टफोन आले, किमती वाढल्या, आणि आर्थिक वर्ष २०१४ मध्ये एकट्या परवाना विभागाचं उत्पन्न ७ अब्ज डॉलरच्या वर गेलं. दोन्ही हरकती मला मान्य आहेत. पण २००० मध्ये पैसे घालणाऱ्याला दुसऱ्या हरकतीसाठी दहा-बारा वर्षं थांबावं लागणार होतं, आणि तशी तयारी आमच्यापैकी कोणाचीच नव्हती. अभियंत्याचा मुद्दा ‘पैसे कोणाला मिळणार’ हा होता आणि तो अचूक होता. ‘त्यासाठी आज किती मोजायचे’ हे सांगणं त्याचं काम नव्हतं. ते आम्हा बाकीच्यांचं काम होतं आणि त्याच्या आकृत्या इतक्या सुरेख होत्या की आम्ही ते केलं नाही.

खरेदी वाढवायच्या वेळी, ऑगस्ट २००० मध्ये, आणखी एक गोष्ट करता आली असती. कोरियाची सवलत-बंदी आणि चीनचं मागे हटणं या दोन्हींतून एकच गोष्ट उघड झाली होती: मानकाचं भवितव्य प्रयोगशाळेइतकंच सरकारी टेबलावर ठरतं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कोरियाने थ्रीजीचे पहिले दोन परवाने डब्ल्यू-सीडीएमएवाल्यांना दिले, सीडीएमएच्या स्वतःच्या अंगणात. काय घडलं तर आपण विकू, हे खरेदीच्या दिवशीच लिहून ठेवलं असतं, तर त्या बैठकीत निदान चर्चा झाली असती. आम्ही ‘बातम्या तात्पुरत्या’ असं म्हणून पान उलटलं.

सेवा कंपनीचा निर्णय मात्र मी आजही तसाच घेईन. तिथे कोणाला मानक नीट समजलेलं नव्हतं, म्हणूनच कदाचित, आम्ही सरळ व्याज मोजलं.

राहता राहिला आमचा तो सदस्य. गटाच्या नियमांत बाहेर पडणाऱ्याला तीस दिवसांत पैसे द्यायचे, एवढंच लिहिलं होतं. ते पैसे कुठून येतील, याची ओळ नव्हती. मोबाइलची एक पिढी मानकाच्या मंजुरीपासून खऱ्या कमाईपर्यंत पोचायला आठ-दहा वर्षं घेते, आणि आम्ही तिच्यात अशा माणसाचे पैसे घातले होते ज्याला ते अडीच वर्षांत लागले. जुलै २००२ मध्ये त्याला चेक दिला तेव्हा युरोपात थ्रीजीचा फोन दुकानात विकत मिळत नव्हता. एकूण पैशाचा ठरावीक भाग रोख ठेवायचा, असा ठराव आम्ही पुढच्याच बैठकीत केला. वहीत त्या ठरावाखाली सहाच सह्या आहेत.